सुलभा देशपांडे यांची कारकीर्द खरोखर ‘वाया’ गेली का?

रूपेरी (मूळ लेखन): ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकातल्या लीला बेणारे या प्रमुख भूमिकेनंतर अभिनेत्री सुलभाताईंना तेवढे मोठे काम पुन्हा मिळालेच नाही. ऐन उमेदीची वर्षे शाळा, संस्था आणि बालनाट्य यांत गेली आणि हिंदी चित्रपटाने त्यांना आई, सासू, आजी यांतच संपवले. माझ्या मते ही वाया गेलेली कारकीर्द आहे.

तिसरी घंटा: ‘वाया’ हे वाचून गप्प बसणे शक्य झाले नाही. ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने १९६७ मध्ये केलेल्या नाटकातली बेणारे १९७१ च्या चित्रपटातही सुलभाताईंनीच केली, हे आपण सोयीस्करपणे वगळले आहे. दिग्दर्शन सत्यदेव दुबे यांचे, छायाचित्रण गोविंद निहलानी यांचे, अमोल पालेकर पडद्यावर नवखे. धंदेवाईक चित्रसृष्टीच्या दाराशी न जाता रंगभूमीवरच्या मंडळींनी तो उभा केला. त्याच वर्षी अरविंद देशपांडे आणि अरुण काकडे यांच्यासह त्यांनी ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था स्थापन केली, आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जे प्रयोग होऊ लागले, त्यांच्यामुळे मराठी प्रायोगिक नाटकाला हक्काची जागा मिळाली. हे सगळे ज्यांना ‘वेळ घालवणे’ वाटते, त्यांनी कारकीर्द मोजण्याची पट्टी एकदा तपासून घ्यावी.

रूपेरी: पट्टी माझी ठीक आहे, आपली भक्ती जरा जास्त आहे. छबिलदासच्या जिन्यावर उभे राहण्याचे भाग्य सोलापूरच्या प्रेक्षकाला कधी लाभले? आम्हाला सुलभाताई दिसल्या त्या चित्रपटांतच, आणि तिथे त्यांच्या वाट्याला किती प्रसंग आले ते मोजून पाहा.

विंगेतला: प्रसंग मोजायचेच असतील तर ‘भूमिका’ चित्रपटातली आई पुन्हा पाहावी. मुलीने सिनेमात जाऊ नये म्हणून धुमसणारी ती बाई विसरता येत नाही. ‘चौकट राजा’तली आईही तशीच आहे. दोन्ही ‘आई’ म्हणून एकाच पोत्यात भरणे हा पाहणाऱ्याचा आळस आहे.

मास्तरीण: बालनाट्याला ‘वाया’च्या यादीत घातले आहे, म्हणून लिहिते. ‘चंद्रशाला’ या ‘आविष्कार’च्या बालविभागाच्या ‘दुर्गा झाली गौरी’ या नाटकात मुलांचा मोठा ताफा नाचत-गात असे आणि त्यांतले प्रत्येक मूल नाटकात असे. आता उन्हाळी शिबिरांत काय चालते? माझ्या भाचीला भरमसाट शुल्क घेऊन झाड केले होते आणि शेवटच्या दिवशी पालकांना छायाचित्रांचा संच वेगळा विकला.

विंगेतला: शिबिरवाल्यांना सभागृहाचे भाडे कोण देणार? मीही शिबिरे घेतो. शुल्क दिसते, पण तालमीची जागा शोधताना होणारी फरफट दिसत नाही.

मास्तरीण: म्हणजे ते झाड आपल्याच शिबिरातले असण्याची शक्यता आहे. सुलभाताई स्वतः शाळेत शिकवत होत्या. मूल रंगमंचावर कशासाठी उभे करायचे, हे त्यांना विचारावे लागत नसे.

विंगेतला: वैयक्तिक होण्याचे कारण नव्हते. आपण एक बालनाट्य उभे करून दाखवा, पहिले तिकीट मी काढीन.

तिसरी घंटा: शिबिरांसाठी वेगळा धागा काढावा. एक मात्र मास्तरीणबाईंमुळे आठवले: सुलभाताईंनी १९७८ मध्ये ‘राजा रानी को चाहिए पसीना’ हा बालचित्रपट दिग्दर्शित केला. रूपेरी यांच्या हिशेबात तो कोणत्या रकान्यात बसतो?

रूपेरी: ‘कोणी पाहिला आहे?’ या रकान्यात. तो सहज पाहायला मिळत नाही आणि छबिलदासचे प्रयोग तर हवेत विरले. थोर आपण म्हणता म्हणून मानायचे, कारण पुरावा फक्त आपल्या पिढीच्या आठवणीत आहे. ठीक आहे, ‘वाया गेलेली’ हे मागे घेतो. ‘आम्हाला पाहू न दिलेली’ असे लिहितो. दादरकरांचे समाधान झाले असावे.

तिसरी घंटा: दादरकरांचे नाही झाले, पण प्रयोगांचे चित्रीकरण न झाल्याची तक्रार मान्य आहे. ती आपण सुलभाताईंच्या नावावर का मांडली, तेवढे सांगा.