आजोबांच्या ०.३१५ रायफलीला नवं लाकूड, की जुनंच दुरुस्त करावं?

शेळगीकर
आजोबांची इशापूरच्या सरकारी कारखान्यातली ०.३१५ रायफल रीतसर परवान्यासह माझ्या नावावर झाली. यंत्रणा ब्रिटिश लष्करी ली-एनफिल्ड रायफलीचीच. परवा रेंजवर १०० मीटरवरून पाच गोळ्या झाडल्या. पहिल्या दोन शेजारी-शेजारी लागल्या, मग बॅरल तापेल तशी प्रत्येक गोळी वर सरकली. शेवटची वीतभर वर. फोरएंड, म्हणजे बॅरलखालचं पुढचं लाकूड, सुकून आखडलाय, मागच्या टोकाला बारीक चीर आहे. माझं मत, जुन्याची माया सोडून नवा फोरएंड घालावा आणि बॅरल लाकडाला कुठेही टेकू देऊ नये. घरच्यांना हे पटत नाही. तुम्हाला पटतं का?

निवृत्त आरमोरर
नाही पटत. चीर मागे आहे हे तुम्हीच लिहिलंत, दुखणं तिथेच आहे. या रायफलीचं लाकूड दोन तुकड्यांचं. दस्ता लांब बोल्टने सॉकेटमध्ये आवळलेला, फोरएंड वेगळा. गोळी सुटली की फोरएंडवरचा सगळा धक्का त्याच्या मागच्या टोकाच्या आतल्या, यंत्रणेच्या लोखंडाला टेकणाऱ्या दोन छोट्या गालांवर येतो. लाकूड आखडलं की तिथे फट पडते, दर गोळीला लोखंड मागे येऊन आदळतं आणि लाकूड चिरतं. इशापूरने फोरएंडला आडवा स्क्रू घालायला सुरुवात केली ती उगाच नाही.

दुसरं म्हणजे ट्रिगरगार्डच्या पुढच्या स्क्रूभोवतीची कॉलर, म्हणजे छोटी लोखंडी नळी. लाकूड कॉलरपेक्षा पातळ झालं की स्क्रू कितीही पिळा, तो लोखंडावरच आवळला जातो आणि लाकूड सैल राहतं. आम्ही गालांचं खराब लाकूड काढून अक्रोडाचे तुकडे चिकटवायचो. मग लोखंडाला काजळी लावून बसवायचं आणि लाकडावर जिथे डाग उठेल तेवढंच पटाशीने खरवडायचं. दिवस जातो, पण रायफल सुधारते. हे न करता नवं लाकूड घातलंत तर तेही चिरेल.

होटगी रोड
काका, गालांचं मान्य, पण बॅरलचं काय? ब्रिटिश सैन्याने १९७० मध्ये याच घराण्यातली एल४२ए१ स्नायपर रायफल घेतली. तिचा फोरएंड अर्धाच ठेवून बॅरल पूर्ण मोकळी सोडली होती. नेमासाठीच ना? शेळगीकरांचं मत बरोबर आहे.

निवृत्त आरमोरर
ती बॅरल जाडजूड होती, ही बारीक. बारीक बॅरलला आधार लागतो, म्हणून ली-एनफिल्डच्याच नंबर ४ रायफलीत फोरएंडचं टोक बॅरलला खालून २ ते ७ पौंड रेटत असे. शिवाय या रायफलीत गोळी सुटताना बोल्ट अडकवून धरणारे खटके मागे आहेत, जर्मन मॉझर रायफलीसारखे पुढे नाहीत. मॉझरचा नियम इथे लावू नका.

अशोक चौक
आमच्या घरी दोन पिढ्या हातमागाची सुतारकी. काकांशी एका बाबतीत मतभेद आहे. वर्षानुवर्षं जवसाचं आणि बंदुकीचं तेल प्यायलेलं लाकूड गोंद धरत नाही, तुकडा सुटून येतो. तेल फार मुरलं असेल तर नवंच घाला, पण सागवान नको. तोही तेलकट, चिकटवायला अवघड. शिसव जड. अक्रोडच, आणि पुरता सुकलेला. सोलापूरच्या मे महिन्यात घट्ट बसवलेला सांधा सप्टेंबरच्या पावसात वेगळंच वागतो, हे मागावर आम्ही दरवर्षी बघतो.

जुळे सोलापूर
कुणाकडूनही करा, पण ओळखीच्या सुताराकडे रायफल सोडून येऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्र दुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो. परवाना असलेला कारागीरच गाठा.

शेळगीकर
आत्ता स्क्रू पूर्ण आवळून फोरएंड हाताने हलवून पाहिला. चक्क हलतो. काकांचं निदान खरं ठरलं. आधी परवानाधारक कारागिराकडून गाल आणि कॉलर नीट करून घेतो. तेल किती मुरलंय ते लाकूड उघडल्यावर कळेल. मात्र बॅरल मोकळी ठेवण्याचं मत मी सोडलेलं नाही. दुरुस्तीनंतरही गोळ्या वर चढल्या तर टोकाचं लाकूड काढायला सांगणार.

निवृत्त आरमोरर
काढा, पण त्याआधी एक टार्गेट असं मारा की दर गोळीनंतर बॅरल पूर्ण थंड होऊ द्यायची. थंड बॅरलनेही गोळ्या वर गेल्या, तर टोकाला हात लावू नका, पुन्हा गाल तपासा.