मदत हवी आहे: युनिटीत गोळा भिंतीतनं आरपार जातोय
मंडळी, गेम डिझाईनच्या असाइनमेंटला युनिटीत (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) टूडी गेम करतोय, बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या तटावर तोफेचे गोळे अडवायचे. गोळा हळू असला की भिंतीला बरोबर आपटतो पण स्पीड वाढवला की सरळ आरपार जातोय बघा. युनिटीचं फिजिक्स डिफॉल्टला दर ०.०२ सेकंदानं एकदाच टक्कर तपासतं, तेवढ्यात गोळा पलीकडं पोचत असणार, म्हणून कोलिजन डिटेक्शन (टक्कर ओळखायची सेटिंग) डिस्क्रीटवरनं (फक्त त्या-त्या क्षणी तपासणं) कंटिन्युअस (मधली वाट पण तपासणं) केलं तरी तेच. गोळा ट्रान्सफॉर्मची पोझिशन (वस्तूची जागा) थेट बदलून हलवतोय, त्यामुळं तर नसेल? फिजिक्सलाच व्हेलॉसिटी (वेग) द्यायची की रेकास्ट (पुढं काय आडवं येतंय ते बघणारी अदृश्य रेघ) मारायचा? भिंत जाड कर म्हणू नका, मग गड नाही धरण दिसतंय. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) सर "का" विचारतात, तर नुसता कोड नको, कारण पण सांगा की. यळ्ळूर-टिळकवाडीकडचं कोण युनिटीवालं असलं तर लॅपटॉप घेऊन येतो.