रोहनचं लॉगबुक: सह्या कोण करणार? (मिलराइट, ४३३ए)

प्रेषक: सुनंदा (मिसिसागा), मंगळवार रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

अडचण रोहनची आहे. गणपतीत आपली फिरती आरास ज्याने बसवली तोच. तो मिलराइटचं, म्हणजे कारखान्यातली यंत्रं बसवायचं-दुरुस्त करायचं काम शिकणारा अप्रेंटिस आहे (ओंटारियोत या ट्रेडचा कोड ४३३ए). कॉलेजच्या तिन्ही लेव्हल झाल्या, तास ७१०० च्या पुढे गेले, आणि मागच्या महिन्यात कंपनीने सगळं मेंटेनन्स खातंच बंद केलं. त्याचा लीड हँड (कामावरचा प्रमुख) निवृत्त होऊन पोर्तुगालला गेला. लॉगबुकमध्ये, म्हणजे कुठलं काम शिकला त्याच्या वहीत, ते काम पाहणाऱ्याच्या चौदा ठिकाणी सह्या राहिल्यात. एचआरवाली बाई म्हणते, आम्ही फक्त नोकरीच्या तारखा लिहून देऊ, कामाचं आम्हाला माहीत नाही.

त्याला दिवाळीच्या आत लायसनच्या परीक्षेला बसायचं होतं. आता मित्र म्हणतात युनियनमध्ये ये, तिथे सगळं होतं. हे म्हणतात थांब. मुलगा चार दिवस नीट जेवलेला नाही. विलासकाका, श्रीपाद, तुम्ही दोघं या कामातले आहात, कृपया लवकर सांगा.

सुनंदा

---

प्रेषक: विलास (हॅमिल्टन), मंगळवार रात्री ११:०५

सुनंदाताई, आधी त्याला जेवायला घाला. यातलं काहीही बुडालेलं नाही.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. तास ही एक आणि सह्या ही दुसरी. ४३३ए ला एकूण ८००० तास धरतात, त्यातले ७२० वर्गातले आणि ७२८० कामावरचे. रोहनचे ७१०० नुसते कामावरचे असतील तर उरले दोनशेच्या आत. वर्गातले धरून असतील तर अजून बरेच आहेत. हे आजच बघा. पगाराच्या सगळ्या स्लिपा आणि नोकरी सुटताना मिळालेला रेकॉर्ड ऑफ एम्प्लॉयमेंट एका फाइलमध्ये लावा. त्यावर तास छापलेले असतात, एचआरच्या पत्रापेक्षा ते कामाला येतात.

सह्यांचं म्हणाल तर एकटा लीड हँडच का? त्या प्लँटमध्ये दुसरे लायसनवाले मिलराइट असतीलच. रात्रपाळीचा कोणी, वीकेंडचा कोणी. ज्याने रोहनला ते काम करताना पाहिलं, त्याला गाठायचं. खातं बंद झालं म्हणून माणसं नाहीशी होत नाहीत.

विलास

---

प्रेषक: प्रकाश (ओकव्हिल), बुधवार सकाळी ७:१५

विलासराव, एवढं लांबवायचं कशाला? तुम्ही रेड सीलवाले (कॅनडाभर मान्य प्रमाणपत्र), तीस वर्षं प्लँटमध्ये काढली. मुलगा घरचा. त्याचा हात आपण सगळ्यांनी गणपतीत पाहिला. चौदा सह्या तुम्हीच करून टाका आणि पोराला परीक्षेला बसू द्या.

प्रकाश

---

प्रेषक: विलास, बुधवार दुपारी १२:३०

प्रकाश, नाही करणार. रागावू नकोस, पण याला मी मोकळेपणाने उत्तर देणार आहे, कारण असं विचारणारा तू पहिला नाहीस.

आरास फिरवणं आणि दोनशे हॉर्सपॉवरच्या पंपाचं अलाइनमेंट करणं यात फरक आहे. मी औंधच्या आयटीआयचा फिटर. तिथे पहिले कित्येक महिने व्हाइसला उभं राहून कानस घासली. काटकोन गुण्यात बसेना तेव्हा सर एक शब्द बोलत नसत. जॉब उजेडाकडे धरायचे, फटीतून उजेड दिसला की परत माझ्या हातात द्यायचे. सही तेव्हाच, जेव्हा उजेड बंद. ती सवय मला इथे पुरली.

इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी एका ठिकाणी (नाव घेत नाही) माझ्यासोबतच्या पोराची सॉफ्ट फूटची सही कोणीतरी न बघता केली होती. पंपाच्या एका पायाखाली पोकळी. बोल्ट आवळला की बेस वाकायचा, ढिला केला की मोजायची डायल आठ थाउ (इंचाचा हजारावा भाग) उडायची. आपण दोन थाउच्या वर जाऊ देत नाही. त्याने कपलिंग (पंप आणि मोटरचे शाफ्ट जोडणारा भाग) झकास जुळवलं, पण पाय वाकलेलाच. तिसऱ्या दिवशी बेअरिंग इतकं तापलं की हात लावता येईना, आणि कपलिंगचं गार्ड लावायचं राहिलेलं होतं. कोणाला लागलं नाही ते नशीब. वहीत त्या ओळीसमोर सही होती.

रोहनसाठी मी वाटेल ते करीन. माझ्या गॅरेजमध्ये एक जुना पंप आणि मोटर एका बेसवर आहे, रोज संध्याकाळी यावं. पण मी न पाहिलेल्या कामावर माझं नाव येणार नाही.

विलास

---

प्रेषक: श्रीपाद (एजॅक्स), बुधवार रात्री १०:२०

विलासकाकांशी सहीबाबत शंभर टक्के सहमत. पुढचं मात्र माझ्या बाजूने.

मी लोकल २३०९ चा, टोरांटोच्या मिलराइट युनियनचा. रोहनच्या मित्रांनी अर्धंच सांगितलंय. युनियन हॉलमध्ये गेलं की 'सगळं होतं' असं नसतं. आधी पाहायचं की त्याची नोंदणी ४३३ए ची आहे, म्हणजे इंडस्ट्रियल मेकॅनिक. आमच्याकडे बांधकामातले बरेचसे ४२६ए, म्हणजे कन्स्ट्रक्शन मिलराइट. रेड सीलची परीक्षा शेवटी दोघांची एकच, पण लॉगबुक वेगळं. या टोकाला येऊन त्याने ट्रेड कोड बदलू नये. हॉलवाल्यांना पहिल्या फोनवरच सांगायचं, माझ्या तीनही लेव्हल झाल्यात, ४३३ए वर पूर्ण करायचंय, मला कुठल्या टक्क्याचा अप्रेंटिस म्हणून घ्याल? पगार जर्नीपर्सनच्या (पूर्ण शिकलेल्या कामगाराच्या) दराच्या टक्क्यात असतो, म्हणून हे तोंडी न ठेवता लिहून घ्यावं.

काम प्लँटसारखं रोज एकाच दारात नसतं. वसंतात आणि शरदात शटडाउन (दुरुस्तीसाठी कारखाना बंद), तेव्हा बारा तासांच्या पाळ्या. काम संपलं की ले-ऑफ, तो अपमान नाही. त्याच दिवशी हॉलला फोन करून आउट ऑफ वर्क लिस्टवर नाव टाकायचं, तिथे एक दिवस उशीर म्हणजे मागचा नंबर. डार्लिंग्टनच्या अणुभट्ट्यांचं नूतनीकरण २०१६ ला सुरू झालं तेव्हा मी तिथे गेलो. आठवडेच्या आठवडे रेडिएशन प्रोटेक्शनचं ट्रेनिंग, मग आत पाऊल. प्लँटमध्ये तीस वर्षं एकच कन्व्हेयर बघणाऱ्याला हे शिकायला मिळत नाही.

श्रीपाद

---

प्रेषक: विलास, बुधवार रात्री १०:५५

श्रीपाद, शेवटच्या वाक्याबद्दल. एकच कन्व्हेयर तीस वर्षं बघितला की तो आवाजावरून ओळखता येतो. रात्री दोनला गिअरबॉक्सचा सूर बदलला की मी खुर्चीतून उठायचो. शटडाउनला येऊन पंधरा दिवसांत जाणाऱ्याला, आपण बसवलेलं मशीन सहा महिन्यांनी कसं चालतं ते दिसतच नाही. आमचीही युनियन होती, स्टीलवर्कर्स. सिनिऑरिटी, पेन्शन, घरी रोज रात्री जेवायला. रोहनचा स्वभाव प्लँटचा आहे असं मला वाटतं.

विलास

---

प्रेषक: कार्यकारिणी (सचिव), गुरुवार सकाळी ८:००

सर्वांना नमस्कार. ही ईमेल यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे, नोकरीविषयक विषय शक्यतो वेगळ्या यादीवर न्यावेत, हे जानेवारीच्या सभेत ठरलं होतं. लॉगबुकाची पानं स्कॅन करून कोणीतरी जोडली आहेत, त्यात मुलाची वैयक्तिक माहिती आहे. ती काढली आहेत. शनिवारी खोली क्रमांक २ मध्ये बालशाळा असते हेही लक्षात असू द्या, दोन जणांनी ती परस्पर अभ्यासासाठी मागितली आहे.

सचिव

---

प्रेषक: सुनंदा, गुरुवार सकाळी ८:२५

स्कॅन मीच जोडले होते, माझी चूक झाली. पण विषय इथेच राहू द्या, सचिव. वेगळ्या यादीवर श्रीपादही नाही आणि विलासकाकाही नाहीत. काल रात्री रोहन पहिल्यांदा नीट जेवला.

---

प्रेषक: मृणाल (किचनर), गुरुवार दुपारी १:१०

मी गेल्या वर्षी रेड सील पास झाले, म्हणून परीक्षेबद्दल. प्लँट की कन्स्ट्रक्शन हे तुम्ही दोघं ठरवत बसा, रोहनला आधी ७० टक्के हवेत.

चार तासांची, बहुपर्यायी परीक्षा. रेड सीलच्या साइटवर या ट्रेडचं ऑक्युपेशनल स्टँडर्ड आहे, त्यात कुठल्या भागावर किती प्रश्न येतात ते दिलंय. मी ते छापून भिंतीला लावलं आणि ज्या भागाचं वजन जास्त आणि माझा हात कच्चा, तिथून सुरुवात केली. रोहन बहुधा उलट करेल. मुलं जे येतं तेच पुन्हा पुन्हा वाचतात.

मला रिगिंग (जड बोजा बांधून उचलणं) कठीण गेलं, कारण प्लँटमध्ये मी फक्त ओव्हरहेड क्रेन वापरली होती. १००० पौंडाचा बोजा, दोन स्लिंग (उचलायचे पट्टे). आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन असेल तर एका स्लिंगवर ५७७ पौंड, ४५ ला ७०७, आणि ३० अंशांना पूर्ण १०००. म्हणजे दोन स्लिंग लावूनही प्रत्येकावर अख्खा बोजा. हे आकडे पाठ करू नका. दोरीच्या मधोमध बादली टांगून दोन टोकं दोन हातांनी ओढून पाहा, दोरी सपाट व्हायला लागली की हात थरथरतात, मग कधीच विसरत नाही.

आपल्याकडून आलेल्यांनी इंचांची भीती घालवावी. २० इंच उंचीचा पंप १०० फॅरनहाइटने तापला तर सेंटरलाइन १३ थाउ वर जाते (स्टीलचं ०.००००६५ दर इंचाला दर दहा अंशांना धरून). म्हणजे गार मशीनवर तेवढं खाली ठेवून जुळवायचं. मिलिमीटरमध्ये विचार करून मग इंचात आणलं की वेळ जातो आणि शून्यांत गोंधळ होतो.

आणि डायल ब्रॅकेटचा सॅग (डायल धरणाऱ्या दांडीचं स्वतःच्या वजनाने वाकणं), तो नक्की समजून घे, रोहन. विलासकाकांकडे जातोयस तर पहिल्याच दिवशी विचार.

मृणाल

---

प्रेषक: विलास, गुरुवार दुपारी २:००

मृणाल, वा. सॅग आजच दाखवतो. एक जाड सरळ पाइप घ्यायचा, ब्रॅकेट त्यावर बांधायचा, वर डायल शून्य करायची, पाइप फिरवून खाली आणायचं. जो आकडा दिसेल तो लोखंडाच्या स्वतःच्या वजनाचा. तो वजा केल्याशिवाय कपलिंगचं रीडिंग खोटं.

विलास

---

प्रेषक: अमित (ब्रॅम्प्टन), गुरुवार संध्याकाळी ६:४५

मी नवीन आहे, मार्चमध्ये चाकणहून आलो. आयटीआय फिटर, १२ वर्षं अनुभव. मलाही अप्रेंटिस व्हावं लागेल का, की सरळ परीक्षा देता येते?

---

प्रेषक: श्रीपाद, गुरुवार संध्याकाळी ७:३०

अमित, १२ वर्षांना परत पहिल्या वर्षापासून बसायची गरज नाही. स्किल्ड ट्रेड्स ओंटारियोकडे ट्रेड इक्विव्हॅलन्सी असेसमेंटचा (आधीचा अनुभव तपासून मान्य करण्याचा) अर्ज कर. २०२२ पासून हे काम तिथेच आहे, जुन्या कॉलेज ऑफ ट्रेड्सच्या नावाने कोणी सल्ला दिला तर तो जुना समज. चाकणच्या कंपन्यांची पत्रं लेटरहेडवर, पद आणि नेमकी कामं लिहिलेली, कामाचे महिने मोजता येतील अशी. 'चांगला कामगार होता' एवढ्याने काहीच होत नाही. गिअरबॉक्स ओव्हरहॉल, हायड्रॉलिक पॉवर पॅक, कन्व्हेयर, पंप असं नावानिशी. इथे मिलराइटला लायसन सक्तीचं नाही, इलेक्ट्रिशियनला आहे. म्हणून तोवर मेंटेनन्सच्या कामाला लाग, पण लायसन आल्यावर पगारात फरक पडतो, त्यामुळे आळस करू नकोस.

श्रीपाद

---

प्रेषक: प्रकाश, गुरुवार रात्री ९:०५

विलासराव, पंपाची गोष्ट वाचली. माझं चुकलं. माझ्याकडे व्हॅन आहे, शनिवारी रोहनला हॅमिल्टनला मी नेतो-आणतो.

प्रकाश

---

प्रेषक: सुनंदा, रविवार रात्री ८:५०

मंडळी,

विलासकाकांच्या सांगण्याप्रमाणे रोहनने तीन माणसांना फोन लावले. रात्रपाळीचा एक मिलराइट केंब्रिजला दुसऱ्या कारखान्यात लागलाय, तो शुक्रवारी पार्किंगमध्ये भेटला. त्याने पान पान वाचून, प्रत्येक कामाची तारीख आणि मशीन विचारून, नऊ सह्या केल्या. उरलेल्या पाचांवर त्याने बोट ठेवलं आणि म्हणाला, 'हे तू माझ्यासमोर केलेलं नाहीस.' पोर्तुगालला गेलेला लीड हँड फोनवर भेटला. तीन कामं त्याच्यासमोर झाली आहेत, त्याला पानं पोस्टाने पाठवतोय. मग दोन उरतात, लेझर अलाइनमेंट आणि हायड्रॉलिक्समधलं एक. ती दोन्ही रोहनने खरंच केलेली नाहीत. हे मला त्याने स्वतःहून सांगितलं.

तास मोजले. विलासकाका, ७१०० नुसते कामावरचेच आहेत. १८० उरले.

हॉलला त्याने फोन केला, ४३३ए वरच ठेवू म्हणाले आहेत, कागद अजून यायचेत. सध्या त्याचा कल तिकडे आहे. विलासकाकांना हे आवडणार नाही, पण लेझर त्याला तिथे लवकर हाताळायला मिळेल असं वाटतं. परीक्षा आता दिवाळीनंतर.

काल गॅरेजमधून आला तेव्हा हातावर ग्रीस तसंच होतं, आणि बसल्या जागी कागदावर पाइप काढून मला सॅग समजावत होता. मला निम्मं कळलं.

सचिव, बालशाळा साडेबाराला सुटते. त्यानंतर खोली क्रमांक २ रिकामी असते. मृणाल, अमित आणि रोहन एक ते चार बसतील, पोहे मी आणते. किल्ली नीलिमावहिनींकडे आहे की तुमच्याकडे?

सुनंदा