अनुभव धागा : इंजिनिअरिंगची शाखा घ्यावी की टेक्नॉलॉजीची?

सीईटीचा निकाल लागला की पसंतीक्रम भरताना दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. पदवी बी.ई. की बी.टेक., हा पहिला. त्याचे उत्तर पदवी कोण देते यावर ठरते. लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची पदवी बी.टेक. असते, पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत ती बी.ई. असते, आणि नोकरीच्या जाहिरातींत दोन्ही शेजारी शेजारी लिहिलेल्या असतात. खरा निर्णय दुसऱ्या प्रश्नाचा आहे : केमिकल किंवा मेकॅनिकलसारखी व्यापक शाखा घ्यावी, की रंग, वस्त्र, अन्न, पॉलिमर अशा एकाच उद्योगाभोवती बांधलेली? ज्यांनी ही निवड केली आहे, त्यांनी काय शिकायला मिळाले आणि पुढे कुठे अडले, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

रंगउद्योगात काम, ठाणे

माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली आणि जुनी मंडळी तिला अजूनही यूडीसीटीच म्हणतात. तिथे हे दोन्ही मार्ग एकाच आवारात आहेत. मी सरफेस कोटिंग टेक्नॉलॉजी घेतली. वसतिगृहातला माझा सोबती केमिकल इंजिनिअरिंगला होता. तो ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यात किती ट्रे लागतील आणि रिअ‍ॅक्टर केवढा असावा याची गणिते करत असे, तेव्हा आम्ही रेझिन (रंगाला धरून ठेवणारी राळ) शिजवत होतो, दळलेल्या रंगद्रव्याचा बारीकपणा हेगमन गेजवर पाहत होतो, फोर्ड कपातून रंग वाहून जायला लागणारे सेकंद मोजत होतो आणि रंगवलेले पत्रे मिठाच्या फवाऱ्यात ठेवून गंज कुठून धरतो हे टिपत होतो. कारखान्यात रुजू झाल्यावर या ज्ञानाचा उपयोग पहिल्याच आठवड्यापासून झाला. मात्र पुढे एका तेलशुद्धीकरण कंपनीची जाहिरात आली, तेव्हा तिच्यातील शाखांच्या यादीत माझी शाखा नव्हती, आणि सोबत्याची होती. आपल्याला पदार्थाचे मनापासून कुतूहल असेल तर तंत्रज्ञान शाखेइतके समाधान दुसरीकडे मिळणार नाही, असे मी आजही म्हणेन. परंतु केवळ कट-ऑफ कमी आहे म्हणून ती घेणे मला योग्य वाटत नाही.

यंत्रमाग व्यवसाय, इचलकरंजी

घरचे माग असल्यामुळे मी मेकॅनिकल सोडून टेक्स्टाइल टेक्नॉलॉजी घेतली. सुताचा काउंट (बारीक-जाडपणाचे माप), त्याचा एकसारखेपणा, सायझिंगमधले (धाग्यांना खळ देण्यातले) घटकांचे प्रमाण आणि हवेतली आर्द्रता यांचा ताण्याचे धागे तुटण्याशी काय संबंध आहे, हे तिथे शास्त्रशुद्ध कळले. वडिलांना ते अनुभवाने ठाऊक होते, पण मोजून सांगता येत नव्हते. रेपिअर आणि एअरजेट हे बिनधोट्याचे आधुनिक माग आणले, तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यास मला निराळा करावा लागला. उच्च शिक्षणाची वाट मात्र बंद होत नाही : गेट या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत वस्त्र अभियांत्रिकी आणि तंतुशास्त्राचा स्वतंत्र पेपर आहे आणि आयआयटी दिल्लीत त्या विषयाचा स्वतंत्र विभागही आहे.

पालक, इंडियाना, अमेरिका

इथे या दोन शब्दांचा अर्थ वेगळा आहे आणि भारतातल्या नातेवाइकांचा त्यावरून नेहमी गोंधळ होतो, म्हणून लिहीत आहे. परड्यू विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंग आणि मेकॅनिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी या दोन स्वतंत्र पदव्या आहेत. पहिलीत गणित आणि सिद्धांत अधिक खोल, दुसरीत प्रयोगशाळा आणि प्रत्यक्ष वापर यांवर भर. एबेट ही मान्यता देणारी संस्था दोन्हींसाठी निरनिराळे आयोग चालवते. व्यावसायिक अभियंत्याचा परवाना राज्य देते; काही राज्ये टेक्नॉलॉजीच्या पदवीधरांकडे अधिक वर्षांचा अनुभव मागतात आणि काही त्यांना परवानाच देत नाहीत. माझ्या मुलीला यंत्रे जोडण्यात आणि तपासण्यात रस होता, परवान्याची तिला गरज नव्हती, म्हणून तिने विचारपूर्वक दुसरी पदवी निवडली. भारतातले बी.टेक. म्हणजे ही पदवी नव्हे. अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन करारात भारत २०१४ साली पूर्ण सदस्य झाला, पण तो लाभ एनबीए या राष्ट्रीय मान्यता मंडळाची टिअर-१ मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांनाच मिळतो; परदेशाचा विचार असेल तर महाविद्यालयात हे आधी विचारावे.

पॉलिटेक्निकहून थेट दुसऱ्या वर्षाला, सोलापूर

डिप्लोमामुळे वर्कशॉपमध्ये हात बसलेला होता. अडचण आली ती एम-३ मध्ये, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, कारण त्यातल्या लाप्लास आणि फूरिए रूपांतरांमागचे पहिल्या वर्षाचे गणित आम्ही त्या पातळीवर शिकलेलोच नसतो. जे या वाटेने येणार आहेत त्यांनी प्रवेशाआधीच्या सुट्टीत एम-१ आणि एम-२ ची पुस्तके सोडवून काढावीत.