स्क्रीनवर निळा, प्रिंटला जांभळा… डिजिटलला कलर मॅच कसा करायचा?

ठाणेकर_डिझायनर
नमस्कार मंडळी, लग्नपत्रिकेचं काम करतेय, पार्टीला (ग्राहकाला) पैठणीतला तो गडद निळा हवाय. लॅपटॉपवर एकदम मस्त दिसतो पण दादरच्या एका प्रेसमधून डिजिटल प्रिंट काढली की सरळ जांभळा येतो. प्रेसवाला म्हणतो तुमच्या फाइलमध्येच तसं आहे. फाइल सीएमवायके (छपाईचे चार रंग: सायन म्हणजे आकाशी, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, पिवळा आणि काळा) करूनच दिली होती, ३०० जीएसएम आर्ट कार्ड, वर मॅट लॅमिनेशन. मग चुकतंय कुठे? प्लीज सांगा कुणीतरी, पुढच्या आठवड्यात पत्रिका वाटायला काढायच्यात त्यांना.

प्रेसमधला_माणूस
ताई, आधी आकडे बघा. आरजीबीचा, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरवा-निळा रंगांतला, शुद्ध निळा (०, ०, २५५) फोटोशॉपच्या नेहमीच्या स्वॉप प्रोफाइलने (छपाईसाठीची ठरलेली रंग-सेटिंग) सीएमवायके केला की सायन ८८ टक्के, मॅजेंटा ७७ टक्क्यांच्या आसपास जातो. मॅजेंटा सायनच्या एवढा जवळ आला की कागदावर जांभळाच दिसणार, कुठल्याही मशीनवर काढा. मुळात स्क्रीनवरचा तो झळझळीत निळा चार रंगांत बसतच नाही, त्यामुळे नुसतं कन्व्हर्ट करून भागत नाही, आकडे हाताने घालावे लागतात. दोघांत निदान ३० चा फरक ठेवा, म्हणजे सायन १००, मॅजेंटा ६५, ब्लॅक १५ पासून सुरुवात करा.
आणि एक कराच, एका शीटवर त्याच निळ्याच्या पट्ट्या टाका, मॅजेंटा ५०, ५५, ६०, ६५, ७०, प्रत्येकीखाली आकडे लिहा आणि त्याच कार्डवर त्याच मशीनवर काढून लॅमिनेशनसुद्धा करून घ्या. लॅमिनेशन सोडू नका, मॅटने गडद रंग फिका पडतो आणि थोडा राखाडी वाटतो. मग पार्टीला पट्टी निवडायला सांगा आणि तिच्यावर सही घ्या.

कलर_कॅलिब्रेशन
वरचं बरोबर आहे, पण स्क्रीनचंही बघा. लॅपटॉपचा ब्राइटनेस फुल असेल तर प्रिंट कायम काळपट वाटणार. कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजून नीट करणारं यंत्र) भाड्याने मिळाला तर डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा) आणि ब्राइटनेस १०० ते १२० कँडेलावर सेट करा. प्रेसकडून त्यांच्या मशीनचा आयसीसी प्रोफाइल (ते मशीन रंग कसे छापतं याची फाइल) मागा आणि फोटोशॉपमध्ये कंट्रोल-वाय दाबून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल ते स्क्रीनवरच, बघा, अर्धा धक्का तिथेच बसून जातो. फाइल पीडीएफ/एक्स-४ (छपाईसाठीचा पीडीएफचा प्रकार) द्या, आरजीबी ठेवली तरी चालते, कन्व्हर्जन रिपला (मशीनसाठी फाइल तयार करणारं सॉफ्टवेअर) करू दे.

प्रेसमधला_माणूस
दादा, रिप नीट सेट असेल तर ठीक, पण आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी पीडीएफ कोरलड्रॉमध्ये उघडून, अक्षरं कर्व्ह (आकार) करून मग प्रिंटला जाते, तिथे प्रोफाइलचं काय होईल सांगता येत नाही. ताईंकडे वेळ कमी आहे, सीएमवायके आकडेच पक्के करा आणि प्रेसला सांगा की पीडीएफ तशीच प्रिंटला टाका.

ठाणेकर_डिझायनर
खूप थँक्स दोघांना!! पट्ट्यांची शीट आज रात्रीच बनवते. पण पार्टी पट्टी ट्यूबलाइटखाली बघणार, तिथे वेगळा दिसला तर?

कलर_कॅलिब्रेशन
दिसेलच वेगळा. छपाईचा रंग तपासायचा स्टँडर्ड उजेड डी५०, म्हणजे ५००० केल्व्हिन. तो दिवा नसेल तर दुपारी खिडकीपाशी दाखवा, थेट ऊन नको. आणि मोबाइलवर फोटो काढून पाठवू नका, तिथे रंग परत वेगळा दिसू शकतो.