पहिलं सीएनसी: छोटं घ्यावं की दणकट?

मूळ धागा
घरच्या वर्कशॉपसाठी पहिलं सीएनसी (संगणकाच्या सूचनांवर कापणारं, कोरणारं मशीन) घेणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला: "छोटं घेऊ नका, लवकरच अपुरं पडेल." मला तो पटत नाही. पहिलं मशीन ३०१८ या नावाने मिळणारं छोटंच असावं. साधारण ३०० बाय १८० मिमीची कामाची जागा, जीआरबीएल या कंट्रोल सॉफ्टवेअरवर चालतं, टेबलावर मावतं. सुरुवातीचे महिने चुका करण्यातच जातात. मी शून्य (जिथून मशीन मोजतं तो बिंदू) चुकीच्या कोपऱ्यात धरलं आणि बिट (फिरत कापणारं हत्यार) थेट तुकडा धरणाऱ्या क्लॅम्पवर गेलं. मोटर अडकली, बिट तुटलं, संपलं. दीड किलोवॅटच्या स्पिंडलखाली (बिट फिरवणाऱ्या मोटरखाली) तोच क्लॅम्प उडून अंगावर आला असता.

प्रतिसाद १
सुरक्षेचं पटलं, बाकीचं नाही. लाकडात नाव कोरून झालं की तुम्ही ॲल्युमिनियम लावणार, राहवतच नाही. मग मशीन थरथरतं, कापलेल्या कडेवर लाटा उमटतात, आणि चूक फीडची (बिट पुढे सरकण्याच्या वेगाची), बिटाची की फ्रेमची हे नवशिक्याला कळत नाही. सरकायला पक्के रेल, ढिलं न पडणारे बॉलस्क्रू आणि नेमा २३ मापाची दणकट मोटर असलेल्या मशीनवर फ्रेमबद्दलची शंका तरी मिटते. एका टोकाला धरलेली गोल दांडी दुप्पट लांब केली की तेवढ्याच जोराने आठपट वाकते, दुप्पट जाड केली की सोळापट कमी. बारीक सळयांवर तोललेली गॅन्ट्री (स्पिंडल वाहणारा आडवा पूल) का डुलते ते यातच आलं.

धागाकर्ता
दादा, तुमचंच गणित वापरतो. बिट कोलेटबाहेर (बिट पकडणाऱ्या चिमट्याबाहेर) २४ मिमी असेल तर १२ वर आणा. एक पैसा न घालता बिटाचं वाकणं आठपट कमी! ॲल्युमिनियमही कापलं जातं: एका धारेचं बिट, मिनिटाला १०,००० फेरे, दर फेऱ्याला ०.०२ मिमी, म्हणजे फीड मिनिटाला २०० मिमी. कापाची खोली मात्र एका वेळी ०.१ मिमीच. वेळ लागतो. पण घाबरून फीड ५० वर आणलंत तर बिट कापायचं सोडून घासत बसतं, तापतं, आणि धातू धारेला चिकटतो. हे मला छोट्या मशीनने हाताला धरून शिकवलं.

प्रतिसाद २
तुम्ही दोघेही मशीनवरच अडलात, ते ज्या खोलीत ठेवणार तिचं काय? लाकडाची धूळ आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत गट १ मध्ये आहे, म्हणजे माणसात कर्करोग करते हे सिद्ध झालेलं. एमडीएफ बोर्डची धूळ तर इतकी बारीक की खोलीभर तरंगत राहते. डस्ट शू (बिटाभोवती धूळ अडवणारा ब्रश), व्हॅक्यूम आणि बंद पेटीला जागा नसेल तर मोठ्या मशीनचा विचारच करू नका. आणि कुठलंही मशीन चालू ठेवून चहाला जाऊ नका. बोथट बिटाने भुसा पेटतो.

प्रतिसाद १
धुळीचं बोललात ते बरं झालं, मी ते लिहायलाच हवं होतं. पण ३०१८ वालेच बहुतेक वेळा उघड्यावर कापताना दिसतात, "छोटंच तर आहे" म्हणून. धूळ तीच असते हो.
आणि धागाकर्ते, ०.१ मिमीने ६ मिमीची पट्टी कापायला बिट त्याच रेषेवरून ६० वेळा न्यावं लागतं. नवा माणूस तिथेच वैतागून मशीन कोपऱ्यात ढकलतो. तुम्हाला पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पट्ट्या) आणि छोटी नक्षीच करायची असेल तर मी वाद सोडतो. धातूचे भाग करायचे असतील तर नाही सोडणार.