ओढ्यात नुसत्या लाल अळ्या: पाणी बिघडलं समजायचं का?

बांधावरची_शाळा
नमस्कार मंडळी. मेळघाटाच्या पायथ्याशी, परतवाड्याकडचा ओढा. पाणकिडे पाहून पाण्याचा कस ओळखायला आठवी-नववीच्या पोरांना शिकवायचं आहे. धुणं धुण्याच्या घाटाखालच्या डोहात मच्छरदाणीची जाळी फिरवली, तर लालभडक अळ्या आणि पाणविंचू, बस. मेफ्लाय (बहुधा स्वच्छ, वाहत्या पाण्यात वाढणारा किडा) एकही नाही. ओढा खराब झाला म्हणायचं का?

गोटे_गाळ
एवढ्यावरून नाही, सर. त्या कायरोनोमस माशीच्या (डासासारखी, पण न चावणारी) अळ्या. अंगात हिमोग्लोबिन असल्यामुळे गाळात ऑक्सिजन कमी असला तरी तगतात. चांगल्या ओढ्याच्या डोहातही गाळ साचला की सापडतात.

गोटे असलेल्या खळाळत्या, गुडघ्याच्या आतल्या पाण्यात जा. जाळीचं तोंड प्रवाहाकडे करून तळाशी घट्ट टेकवा आणि वरच्या अंगाला हातभर अंतरावर पायाने तळ ढवळा. एकूण 3 मिनिटं, पण पाच-सहा जागी वाटून. मोठे गोटे हाताने जाळीच्या तोंडाशी चोळा. चपट्या मेफ्लाय गोट्याला अशा चिकटतात की ढवळून सुटत नाहीत. मच्छरदाणीतून बारीक पिल्लं निसटतात, 0.5 मिमीची नायलॉन जाळी घ्या. ती मात्र गाळाने लवकर तुंबते, मग पाणी उलटून आलेले किडेही बाहेर जातात. मधून मधून रिकामी करत राहा.

चतुर_टाचणी
पांढऱ्या ट्रेमध्ये बोटभर पाणी घ्या आणि आधी नुसतं बघा. हलले की दिसतात. भिंग 10 पटीचं पुरतं. मेफ्लायच्या पिल्लाला पोटाच्या दोन्ही कडांना कल्ले असतात, बऱ्याचदा पानासारखे आणि फडफडणारे. शेपट्या बहुधा तीन, काहींना दोनच. स्टोनफ्लाय या दुसऱ्या पाणकिड्याच्या पिल्लालाही दोन, म्हणून पाय बघा: तिच्या पायाला दोन नख्या, मेफ्लायच्या पायाला एक. टाचणीच्या (चतुराच्या नाजूक भावंडाच्या) पिल्लाच्या मागची तीन पानं म्हणजे कल्ले, शेपट्या नव्हेत. पोरं हमखास इथेच फसतात. वाळूचे कण चिकटवलेली नळी चालू लागली तर आत कॅडिसफ्लाय या पतंगासारख्या किड्याची अळी.

गुण द्यायचे तर बीएमडब्ल्यूपी पद्धत सोपी. किड्यांच्या प्रत्येक कुळाला गुण, घाण कमी सोसणाऱ्याला जास्त: हेप्टाजेनिडी (चपट्या मेफ्लाय) 10, बेटिडी (मेफ्लायचंच दुसरं कूळ) 4, कायरोनोमिडी (लाल अळ्यांचं कूळ) 2. एकूण गुणांना कुळांच्या संख्येने भागा. मूळ पद्धत ब्रिटनच्या नद्यांसाठीची आहे, त्यामुळे आकडा एकटा वाचू नका, दोन जागांची तुलना करा.

धुऱ्यावरून
तीच तुलना महत्त्वाची. घाटाच्या वर एक जागा, खाली एक. दोन्हीकडे गोटे, वेग, खोली सारखी. नाहीतर फरक घाटाचा की तळाचा, कळणारच नाही.

कपाशी-संत्र्याच्या फवारणीचा संशय येईल. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाने मेफ्लाय फार लवकर मरतात, मासे मात्र ठीक दिसतात. पण त्या औषधाला कायरोनोमस अळ्याही नाजूक. त्या भरपूर जिवंत असतील तर मी आधी सांडपाणी, शेण, कुजणारा पालापाचोळा बघीन. तरी फवारणीचा पंप कोणी ओढ्यात धुतो का, ते विचाराच.

दिवाळीनंतर ते जानेवारी हा काळ बरा. मोठा पूर येऊन गेल्यावर दोनेक आठवडे थांबा, तळ खरवडलेला असतो. उन्हाळ्याकडे धार तुटते, पाणी तापतं: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 ला साडेसात. मार्चचे किडे नोव्हेंबरशी ताडू नका.

बघून झालं की किडे त्याच जागी सोडा. नमुना ठेवायचाच तर 70-80 टक्के अल्कोहोलमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी ते बदला. किड्यांच्या अंगातल्या पाण्याने पातळ होतं. वरची जागा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत जात असेल तर आधी वनखात्याची परवानगी.